टेक्सासच्या काउंट्यांमधली हिस्पॅनिक आणि लॅटिनो मतदानक्षम लोकसंख्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की टेक्सासमध्ये हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश मुळाचे, लोक किती टक्के आहेत याचे आकडे मराठी गटांमध्ये फिरू लागतात. कोणी ३९ टक्के म्हणतो, कोणी ३६, कोणी ३०, आणि तिघेही एकमेकांना खोटे ठरवतात. खरे तर तिघेही बरोबर असतात. प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीची मोजणी उचललेली असते. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर आधीच येऊन गेले आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘मतदानक्षम वयाची लोकसंख्या’ म्हणजे नेमके कोण?

१८ वर्षे पूर्ण झालेले सगळे रहिवासी. एवढेच. नागरिक आहे का, मतदार यादीत नाव आहे का, तुरुंगात आहे का, यांपैकी काहीही पाहिले जात नाही. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले, म्हणून रेषा तिथे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या आकड्याला ‘व्हीएपी’ म्हणतात. त्यातून नागरिक नसलेले लोक वजा केले की जे उरते ते ‘सीव्हीएपी’. या दोहोंमधली गल्लत हेच बहुतेक वादांचे मूळ आहे (प्रश्न ५ पाहा).

२. हिस्पॅनिक आणि लॅटिनो एकच का? आणि हे ठरवतो कोण?

जनगणनेत दोन्ही शब्द एकाच चौकटीत येतात. रोजच्या बोलण्यात हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नाते असलेला आणि लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेला, असा फरक करतात. सरकारी आकड्यांत तो नाही. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले स्पॅनिशभाषक देश, आणि स्पेनसुद्धा, सगळे यात बसतात. ठरवतो तो माणूस स्वतः. फॉर्मवर जो स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतो तो हिस्पॅनिक. घरी स्पॅनिश बोलता येते की नाही, असे कोणी विचारत नाही. दक्षिण टेक्सासमध्ये अशी घराणी आहेत जी टेक्सास हे राज्य होण्याच्या आधीपासून तिथेच आहेत. ते स्वतःला ‘तेहानो’ म्हणवतात. सीमा त्यांच्यावरून सरकली, ते सीमा ओलांडून आले नाहीत. ‘हिस्पॅनिक म्हणजे स्थलांतरित’ हे समीकरण डोक्यातून काढल्याशिवाय पुढचे आकडे समजणार नाहीत.

३. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजायचा का?

समजायला सोपे जाते, पण आकारावर जाऊ नका. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टन शहर जिच्यात येते त्या हॅरिस काउंटीत ४७,३१,१४५ लोक होते आणि पश्चिमेकडच्या लव्हिंग काउंटीत ६४. म्हणूनच ‘इतक्या काउंट्यांमध्ये हिस्पॅनिक बहुसंख्य’ हे वाक्य एकट्याने फारसे काही सांगत नाही. नकाशावर रंगवलेला मोठा तुकडा रिकामा माळही असू शकतो.

४. काउंटीवार आकडा कुठे मिळतो?

जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर, ‘पब्लिक लॉ ९४-१७१’ या नावाच्या फायलींत. १९७५ च्या या कायद्याने मतदारसंघ आखण्यासाठी लागणारे आकडे राज्यांना देणे जनगणना खात्यावर बंधनकारक केले. २०२० चे आकडे १२ ऑगस्ट २०२१ रोजी आले. त्यातला ‘पी-४’ तक्ता उघडा. पहिला स्तंभ १८ वर्षांवरील सर्व लोकांचा, दुसरा त्यातल्या हिस्पॅनिकांचा. दुसऱ्याला पहिल्याने भागा, झाले. ‘पी-२’ तक्ता अगदी तसाच दिसतो, पण त्यात मुलेही मोजलेली असतात. चुका होतात त्या बहुधा इथेच, म्हणून तक्त्याचे शीर्षक दोनदा वाचा. राज्याचा संकेतांक ४८; हॅरिसचा ४८२०१, वेबचा ४८४७९, स्टारचा ४८४२७. काउंटीच्या नावाऐवजी हा संकेतांक वापरा, कारण एकाच नावाच्या काउंट्या अनेक राज्यांत आहेत.

५. ३९, ३६ की ३०? टेक्सासचा खरा हिस्पॅनिक टक्का कोणता?

पायऱ्या उतरत जा. २०२० मध्ये राज्याची लोकसंख्या २,९१,४५,५०५ आणि त्यात हिस्पॅनिक १,१४,४१,७१७, म्हणजे ३९.३ टक्के. आता १८ वर्षांखालची मुले बाजूला काढा. टेक्सासमधल्या मुलांत जवळपास निम्मी हिस्पॅनिक आहेत, त्यामुळे ती वगळली की हिस्पॅनिकांचा वाटा जास्त घटतो. मतदानक्षम वयात तो सुमारे ३६ टक्के उरतो. मग नागरिक नसलेले प्रौढ वगळा, की तो ३० टक्क्यांच्या आसपास येतो.

एक कल्पित उदाहरण घ्या. समजा एका काउंटीत १,००० माणसे आहेत, ५०० हिस्पॅनिक आणि ५०० इतर. हिस्पॅनिकांत १८० मुले, इतरांत १००. प्रौढ उरले ३२० आणि ४००. वाटा ५० वरून ४४ टक्क्यांवर आला. आता हिस्पॅनिक प्रौढांपैकी ८० आणि इतरांपैकी २० जण नागरिक नाहीत असे धरा. उरले २४० आणि ३८०. वाटा ३९ टक्के. कोणी गावाबाहेर गेले नाही, कोणी आले नाही. फक्त प्रश्न बदलला.

कोणता आकडा वापरायचा हे प्रश्नावर ठरते. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा विचार असेल तर एकूण लोकसंख्या. मतपेटीचा विचार असेल तर नागरिक प्रौढ. मतदानक्षम वयाचा आकडा मधल्या पायरीवर उभा आहे. त्याची किंमत अशी की तो नमुना पाहणीतून नाही, जनगणनेच्या पूर्ण मोजणीतून येतो आणि अगदी गल्लीपर्यंत उपलब्ध असतो. लोक त्याला ‘हिस्पॅनिक मतदार’ असे नाव देऊन पुढे पाठवतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यातून पुढे ‘मग हे लोक मतदान का करत नाहीत’ असा अन्यायकारक सवाल जन्म घेतो. ज्यांना मताचा हक्कच नाही त्यांना उदासीन ठरवणे चूक आहे.

६. मी एच-१बी व्हिसावर डॅलसजवळ राहतो. माझीही मोजणी या आकड्यांत झाली आहे का?

हो. जनगणनेच्या दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०२० रोजी, तुम्ही तिथले रहिवासी असाल तर एकूण लोकसंख्येत आणि मतदानक्षम वयाच्या लोकसंख्येतही तुम्ही आहात, ‘आशियाई’ या रकान्यात. ग्रीन कार्डवाल्यांचेही तेच. नागरिक प्रौढांच्या आकड्यात तुम्ही नाही. कॉलिन किंवा फोर्ट बेंडसारख्या काउंट्यांमध्ये, जिथे आपले लोक पुष्कळ आहेत, तिथे दोन आकड्यांमधल्या दरीत हिस्पॅनिकांबरोबर आपणही उभे आहोत.

७. सर्वांत जास्त हिस्पॅनिक वाटा कुठल्या काउंट्यांत आहे?

रिओ ग्रांदे नदीच्या काठाने. स्टार, वेब (लरेडो शहर), मॅव्हरिक (ईगल पास) या काउंट्यांत दहातले नऊहून अधिक लोक हिस्पॅनिक. हिडाल्गोतही तसेच, आणि कॅमेरॉन त्यांच्या अगदी जवळ. एल पासो काउंटीत पाचातले चार. आत सरकले की सॅन अँटोनिओची बेहार काउंटी, सुमारे ६० टक्के.

पण डोकी मोजली तर क्रम उलटतो. हॅरिस काउंटीत हिस्पॅनिक सुमारे ४३ टक्केच आहेत, तरी त्यांची संख्या २० लाखांच्या पुढे जाते. कोणत्याही सीमावर्ती काउंटीच्या एकूण लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. तिसरा पट्टा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. राज्याच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, डेफ स्मिथ, पार्मर, मूर या काउंट्यांतही हिस्पॅनिक बहुसंख्य आहेत. तिथे गुरांचे मोठाले गोठे आणि मांसप्रक्रियेचे कारखाने आहेत, आणि त्या कामाने वस्ती घडवली. सीमेपासून शेकडो मैल दूर.

८. वेब काउंटीत एकूण टक्का आणि प्रौढांचा टक्का जवळपास सारखा, पण हॅरिस आणि डॅलसमध्ये फरक मोठा. असे का?

जिथे जवळजवळ सगळेच हिस्पॅनिक आहेत, तिथे मुलेही तेच आणि म्हातारेही तेच. मुले वगळली तरी वाटा हलायला जागा नाही. मिश्र वस्तीत मात्र एका बाजूला तरुण कुटुंबे आणि दुसऱ्या बाजूला वयस्कर गोरी वस्ती असते. तिथे वयाची चाळणी लावली की फरक लगेच दिसतो. नागरिकत्वाच्या चाळणीचेही असेच. म्हणून मतदारसंघांवरचे कज्जे सीमेवर जितके होतात, तितकेच ह्यूस्टन-डॅलसच्या उपनगरांवरूनही होतात.

९. गोरे, काळे, आशियाई, हिस्पॅनिक अशी बेरीज केली तर १०० च्या वर जाते. तक्ता चुकला आहे का?

तक्ता बरोबर आहे. २०२० च्या फॉर्मवर वंश हा एक प्रश्न होता आणि हिस्पॅनिक मूळ हा वेगळा. त्यामुळे एकच माणूस ‘गोरा’ही असतो आणि ‘हिस्पॅनिक’ही. बेरीज जुळवायची तर ‘पी-४’ मधले ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’, ‘हिस्पॅनिक नसलेले काळे’ असे रकाने घ्या आणि त्यात सगळे हिस्पॅनिक मिळवा. ‘पी-३’ मधले गोरे त्यात मिसळू नका. २०१० आणि २०२० मधल्या ‘गोऱ्यां’ची तुलनाही जपून करा. फॉर्मची मांडणी आणि उत्तरे नोंदवण्याची पद्धत बदलल्यामुळे देशभरात ‘दोन किंवा अधिक वंश’ या रकान्यातले हिस्पॅनिक ३० लाखांवरून २ कोटी ३ लाखांवर गेले.

१०. जनगणनेत नागरिकत्व का विचारत नाहीत? विचारले असते तर प्रश्नच मिटला असता.

२०२० साठी तो प्रश्न घालण्याचा प्रयत्न झाला होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरकारने दिलेले कारण पटण्यासारखे नाही म्हणून, तो अडवला. विरोधकांची भीती साधी होती: ज्या घरात एक जण कागदपत्रांशिवाय राहतो ते सगळे घरच दार उघडणार नाही. ती भीती मला खरी वाटते. मोजणीची आजची अवस्था प्रश्न १७ मध्ये आहे.

११. मग नागरिक प्रौढांचा आकडा येतो कुठून? आणि छोट्या काउंटीत त्यावर किती विश्वास ठेवायचा?

‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नमुना पाहणीतून. ती वर्षभर चालते आणि त्यात नागरिकत्व विचारले जाते. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीसाठी सलग पाच वर्षांची उत्तरे एकत्र करूनच आकडा देतात. त्यामुळे तो एका दिवसाचा नसतो, पाच वर्षांची सरासरी असते. शेजारी ‘अधिक-उणे’ छापलेले असते, ते सोडून आकडा उचलू नका. टेक्सासच्या बहुसंख्य काउंट्या या मर्यादेखालच्या आहेत. तिथे ४८ आणि ५२ यांत फरक आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

१२. न्यायालयाला या आकड्यांचे एवढे काय पडले आहे?

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यामुळे. १९७५ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांना त्याचे संरक्षण मिळाले आणि टेक्सास त्याच्या कक्षेत आले. त्याआधीच, १९७३ मध्ये, बेहार काउंटीतले विधानसभेचे बहुसदस्यीय मतदारसंघ मेक्सिकन-अमेरिकन लोकांचे मत बुडवतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मोडायला लावले होते. १९८६ च्या एका निकालाने कसोट्या घालून दिल्या. पहिली अशी की तो समाज एका मतदारसंघात बहुसंख्य होईल इतका मोठा आणि एकवटलेला हवा. २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की बहुसंख्य म्हणजे निम्म्याहून जास्तच, ४९ टक्के चालणार नाही.

पण निम्मे कशाचे? याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे काँग्रेससाठीचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठीचा, टेक्सासचा २३ वा मतदारसंघ. २००३ च्या नव्या आखणीत वेब काउंटी दुभागली आणि सुमारे एक लाख माणसे शेजारच्या २८ व्या मतदारसंघात ढकलली गेली. उरलेल्या २३ व्यात लॅटिनो मतदानक्षम वयात जेमतेम बहुसंख्य होते, त्यामुळे वरवर पाहता काही बिघडले नव्हते. नागरिक प्रौढांत मात्र त्यांचा वाटा ५७.५ वरून ४६ टक्क्यांवर आला होता. तिथल्या रिपब्लिकन खासदारावर लॅटिनो मतदार नाराज होत चालले होते आणि त्याला हरवण्याइतकी त्यांची ताकद वाढत होती. नेमक्या त्याच वेळी रेषा सरकली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आखणी बेकायदा ठरवली आणि मतदानक्षम वयातले ते बहुमत पोकळ असल्याचे म्हटले. मधल्या पायरीवर थांबले की काय निसटते, हे समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरे आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळाने दशकाच्या मध्येच काँग्रेसचे मतदारसंघ पुन्हा आखले, आणि तोही नकाशा न्यायालयात गेला. या विषयावरचा कोणताही लेख वाचताना त्याची तारीख आधी पाहा.

१३. म्हणजे आपल्याकडच्या राखीव मतदारसंघांसारखेच?

नाही. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागेवर उमेदवार त्याच समाजाचा लागतो आणि मत सगळे देतात. टेक्सासमध्ये कोणत्याही मतदारसंघातून कोणीही उभा राहू शकतो. हिस्पॅनिक बहुसंख्य मतदारसंघाचा अर्थ एवढाच की त्या समाजाला आपल्या पसंतीचा माणूस निवडून आणण्याची संधी आहे. तो माणूस गोरा असला तरी चालतो.

१४. मतदारसंघ समान असतात ते लोकांच्या संख्येने की मतदारांच्या?

लोकांच्या. टेक्सासमधूनच गेलेल्या एका खटल्यात ‘फक्त मतदार मोजा’ अशी मागणी होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की एकूण लोकसंख्येवर मतदारसंघ आखणे घटनेला धरूनच आहे, कारण प्रतिनिधी मुलांचाही असतो आणि मत नसलेल्यांचाही. एखाद्या राज्याने फक्त पात्र मतदार मोजायचे ठरवले तर चालेल का, हा प्रश्न न्यायालयाने उघडाच ठेवला.

१५. नोंदणी झालेल्या हिस्पॅनिक मतदारांचा आकडा कसा काढतात? आणि गोव्याचा फर्नांडिस त्यात जातो का?

टेक्सासच्या मतदार नोंदणी अर्जावर वंश विचारत नाहीत. म्हणून यादीतली आडनावे स्पॅनिश आडनावांच्या यादीशी ताडून पाहतात. गार्सिया, मार्तिनेझ, रोद्रिगेझ जुळले की नोंद हिस्पॅनिक. हा अंदाज आहे, आणि तो दोन्हीकडून गळतो. गार्सिया घराण्यातली मुलगी लग्नानंतर स्मिथ झाली की सुटते. स्मिथ घरची गार्सिया झाली की आत येते. फिलिपिनो कुटुंबांत स्पॅनिश आडनावे सर्रास आहेत.

गोव्याचे फर्नांडिस, रॉड्रिग्ज, परेरा ही आडनावे पोर्तुगीज वळणाची. इंग्रजीत त्यांचा शेवट बहुधा ‘एस’ने होतो आणि स्पॅनिशचा ‘झेड’ने, त्यामुळे काटेकोर यादी त्यांना वेगळे ओळखू शकते. पण काही आडनावे दोन्ही भाषांत अगदी एकसारखी लिहिली जातात, आणि तिथे गोंयकार माणूस कागदावर हिस्पॅनिक ठरू शकतो. जनगणनेत मात्र असे होत नाही. तिथे त्याने स्वतः जे लिहिले तेच चालते. जिथे हिस्पॅनिक थोडे आहेत अशा काउंटीत आडनावाची पद्धत जास्त फसते.

१६. ब्राझीलचे लोक लॅटिनो ना? मग ते आकड्यांत का नाहीत?

बोलण्यात लॅटिनो, सरकारी व्याख्येत नाहीत, कारण व्याख्या स्पॅनिश मुळाची आहे आणि ब्राझील पोर्तुगीजभाषक. कोणी हिस्पॅनिकच्या रकान्यात ‘ब्राझिलियन’ लिहिले तर नोंद तपासताना ते उत्तर सहसा बदलले जाते. २०२० च्या नमुना पाहणीत हा बदल करायचा राहिला आणि देशभरात ४ लाखांहून अधिक ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून मोजले गेले. ही चूक मोलाची ठरली: विचारले तर किती जण स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात, ते त्यातून कळले.

१७. २०२० ची मोजणी कितपत खरी?

जनगणना खात्यानेच नंतर पडताळणी केली. देशभरात हिस्पॅनिकांची निव्वळ तूट ४.९९ टक्के निघाली; २०१० मध्ये ती १.५४ होती. टेक्सास राज्याची एकूण तूट १.९२ टक्के. काउंटीवार तूट त्या पडताळणीने दिलेली नाही, तेव्हा एखाद्या काउंटीच्या आकड्यात सरसकट ५ टक्के मिळवून ‘दुरुस्त’ आकडा करू नका. मुळातला आकडा घ्या आणि तो कमी असण्याची शक्यता शब्दांत लिहा.

१८. तुरुंगातले कैदीही मोजतात का?

मोजतात, आणि तुरुंग जिथे आहे तिथे. हंट्सव्हिल गाव असलेल्या वॉकर काउंटीत अनेक तुरुंग आहेत, त्यामुळे तिथल्या प्रौढांत ह्यूस्टन-डॅलसहून आणलेली माणसेही धरलेली आहेत. गंभीर गुन्ह्यातल्या दोषीला टेक्सासमध्ये शिक्षा, पॅरोल, प्रोबेशन सगळे संपेपर्यंत मत नाही. अशा काउंटीचा आकडा वापरण्याआधी ‘पी-५’ तक्ता पाहा. त्यात संस्थांमध्ये राहणाऱ्यांची संख्या वेगळी दिली आहे.

१९. हिस्पॅनिक वाटा जास्त म्हणजे डेमोक्रॅट पक्षाची काउंटी, हे धरून चालायचे ना?

नाही, आणि याला स्टार काउंटीइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते होती. २०२० मध्ये बायडेन ५२ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ती सुमारे ५८ टक्क्यांनी जिंकली. १८९२ नंतर प्रथमच तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला. वेब, हिडाल्गो, कॅमेरॉन, मॅव्हरिक याही त्याच वर्षी फिरल्या. आठ वर्षांत हिस्पॅनिक टक्का जवळपास तोच राहिला, मत मात्र उलटले. पॅनहँडलमधल्या हिस्पॅनिक बहुसंख्य काउंट्या तर आधीपासूनच रिपब्लिकन आहेत (प्रश्न ७).

२०. मतपत्रिका स्पॅनिशमध्ये कधी द्यावी लागते?

एका भाषिक गटातले, इंग्रजी पुरेसे न येणारे प्रौढ नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असतील, आणि त्या गटातली निरक्षरता देशाच्या सरासरीहून अधिक असेल, तर. हिशेब नागरिक प्रौढांचा, सगळ्या प्रौढांचा नाही. हॅरिस काउंटीत स्पॅनिशबरोबर व्हिएतनामी आणि चिनी मतपत्रिकाही मिळतात. हाच नियम भारतीयांनाही लागतो: शिकागोच्या कुक काउंटीत त्यातून हिंदी आली, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली.

२१. लव्हिंग काउंटीत लोक ६४ आणि २०२० मध्ये मते ६६. हा घोटाळा नाही का?

या आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. पहिली गोष्ट, जनगणना एप्रिलची आणि मतदान नोव्हेंबरचे. दुसरी, जनगणना माणूस बहुतेक दिवस जिथे राहतो तिथे मोजते. टेक्सासमध्ये मतदार नोंदणीला मात्र ‘हे माझे घर, मी इथे परतणार’ हा हेतू महत्त्वाचा असतो, त्यामुळे बाहेर राहणाऱ्याचे नाव यादीत असू शकते. तिसरी, २०२० पासून खाजगीपण जपण्यासाठी जनगणना खाते छोट्या आकड्यांत मुद्दाम थोडी चलबिचल घालते. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी असते, काउंटीची नसते. हॅरिसमध्ये त्याने काही बिघडत नाही. ६४ माणसांच्या वस्तीत दोन-चारांचा फरकही मोठा. अशा काउंटीतला हिस्पॅनिक मतदानक्षम टक्का दशांश चिन्हापर्यंत लिहू नका. शेजारच्या काउंट्यांबरोबर एकत्र करून लिहा.

२२. २०३० चे आकडे आले की २०२० शी थेट तुलना करता येईल का?

थेट नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने मानक बदलले. हिस्पॅनिक मूळ आणि वंश हे दोन प्रश्न आता एकच होतात, आणि ‘मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका’ हा नवा पर्याय येतो. नव्या फॉर्मवर अनेक जण फक्त ‘हिस्पॅनिक’ एवढ्यावरच खूण करतील. प्रश्न ९ मधली बेरीज मग वेगळ्या रीतीने करावी लागेल. तोवर २०२० चे ‘पी-२’ आणि ‘पी-४’ तक्ते आपल्या काउंट्यांसाठी उतरवून, तारखेसह जपून ठेवा.